बारा अंगुळांची काडी

आमच्या सरकारी वसाहतीच्या फाटकाबाहेर, दुधाच्या दुकानाच्या वळचणीस, सकाळी सहाच्या सुमारास एक वृद्ध गृहस्थ ओल्या गोणपाटावर काड्यांच्या जुड्या मांडून बसतात. काही जुड्या कडुनिंबाच्या, काही कीकरच्या, म्हणजे आपल्या बाभळीच्या. दिल्लीस बदलून आलो तेव्हा या व्यापाराचे मला मोठे नवल वाटले होते. आपल्याकडे परसातल्या निंबाची काडी मोडावयाची आणि दाताखाली धरावयाची. तिलाही किंमत असते ही कल्पनाच कधी मनाला शिवली नव्हती. पुढे कार्यालयाच्या कामाने कानपूर, पाटणा ही गावे पाहण्यात आली आणि तेथील स्थानकांवर 'दातून'वाल्यांच्या टोपल्या चहाच्या किटल्यांच्या बरोबरीने फिरताना पाहिल्या, तेव्हा उमगले की उत्तरेत ही वस्तू भाजीपाल्याइतकी साधी आहे. नवल वाटणारा मीच काय तो परका होतो.

या विषयाकडे मी वळलो तो मात्र माझ्या आठ वर्षांच्या मुलीमुळे. तिला शाळेतून एक तक्ता करून आणावयास सांगितले होते. रोजच्या वापरातील वस्तू निसर्गाला अपाय न करणाऱ्या कशा निवडाव्यात, असा काहीसा विषय. तिने दात घासण्याचे साधन निवडले. एक रकाना 'नैसर्गिक', दुसरा 'कृत्रिम'. तिने विचारले, "बाबा, तुमचे आजोबा कशाने दात घासत?" मी म्हटले, "निंबाच्या काडीने." ते तिने पहिल्या रकान्यात मोठ्या आनंदाने लिहिले. "आणि तुमची आजी?" या प्रश्नाला मी काहीतरी थातुरमातुर उत्तर देऊन वेळ मारून नेली. माझी आजी मिश्री लावीत असे. ती कशाने गेली हे घरात सर्वांस ठाऊक आहे. मुलीला सांगितलेले नव्हते.

त्या दिवसापासून रविवारी ग्रंथालयात बसून जे वाचले, टिपले, ते येथे मांडीत आहे. मी वैद्यही नव्हे आणि दंतवैद्यही नव्हे. टिपणे काढणे हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय आहे, इतकाच या लेखनाचा अधिकार.

आपल्या वैद्यकग्रंथांत दात घासण्याचा विचार किती बारकाईने केलेला आहे हे पाहून मन थक्क होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, दिवसातून दोनदा दंतधावन सांगितले आहे. काडीचे टोक चावून मऊ करावे, तिची चव तुरट, तिखट वा कडू असावी, आणि हिरड्यांना इजा न होईल अशा बेताने ती फिरवावी. चरकाने नावे घेऊन झाडे सांगितली आहेत: करंज, कण्हेर, रुई, मालती, अर्जुन, असाणा. सुश्रुताने चिकित्सास्थानात मापच ठरवून दिले. काडी बारा अंगुळे लांब, करंगळीच्या टोकाइतकी जाड, सरळ, गाठ नसलेली, ताजी. कडू रसात निंब श्रेष्ठ, तुरट रसात खैर, गोड रसात मोह, तिखट रसात करंज. मध, सुंठ, मिरी, पिंपळी, तेल, सैंधव यांचे चूर्ण त्या काडीच्या मऊ कुंच्यावर घेऊन एकेक दात वेगळा घासावा. जीभ खरवडण्यासाठी धातूची पट्टी. ज्याच्या टाळूला, ओठांना वा जिभेला विकार आहे, ज्याला दमा वा उचकी लागली आहे, त्याने काडी हाती धरू नये, असा निषेधही आहे.

या यादीत कण्हेर आणि रुई आहेत, याकडे वाचकांचे लक्ष वेधतो. दोन्ही विषारी. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर काय होते हे खेड्यात वाढलेल्या कोणासही सांगावयास नको, आणि कण्हेरीपासून गुराढोरांना दूर ठेवतात. (कृपा करून कोणी प्रयोग करू नये.) म्हणजे जे झाडावर उगवले ते निर्धोक, असा त्या काळच्या वैद्याचा समज नव्हता. कोणती काडी, कोणाला, किती जाड, कोणत्या रसाची, कोणत्या रोगात नको, हा विवेक त्याच्या शास्त्राचा गाभा होता. झाड हे केवळ साधन. निवड ही विद्या.

बौद्ध विनयात हाच विषय वेगळ्या, अगदी घरगुती रीतीने येतो. चुल्लवग्गात कथा आहे की भिक्षू दात घासत नसत आणि त्यांच्या तोंडास दुर्गंधी येई. तेव्हा बुद्धांनी दंतकाष्ठाची अनुज्ञा दिली आणि ते न वापरण्याचे पाच तोटे सांगितले. डोळ्यांस अपाय होतो, मुखास वास येतो, रसवाहिन्या शुद्ध राहत नाहीत, पित्त आणि कफ अन्नाला वेढतात, जेवण गोड लागत नाही. हे झाले शास्त्र. पुढची हकीकत मला विशेष आवडली. काही उनाड भिक्षूंनी लांबच लांब काड्या वापरावयास सुरुवात केली आणि त्यांनीच श्रामणेरांना मारू लागले. म्हणून नियम झाला: काडी आठ अंगुळांपेक्षा लांब नसावी. मग एका भिक्षूने इतकी आखूड काडी घेतली की ती घशात अडकली. म्हणून दुसरा नियम: चार अंगुळांपेक्षा आखूड नसावी. ज्यांनी सरकारी परिपत्रके आणि त्यांच्या मागोमाग येणारी शुद्धिपत्रके वाचली आहेत, त्यांना या नियमांच्या जन्मकथेत ओळखीचे काही सापडेल.

सातव्या शतकाच्या उत्तरार्धात चीनचा भिक्षू इ-त्सिंग नालंदेस सुमारे दहा वर्षे राहिला. त्याने आपल्या वृत्तांतात दंतकाष्ठावर एक प्रकरणच लिहिले आहे. काडी बारा अंगुळांहून मोठी नसावी, आठांहून लहान नसावी, दात घासून झाल्यावर तीच उभी चिरून जीभ खरवडावी, टाकण्यापूर्वी धुवावी. भारतात दातदुखी क्वचित आढळते आणि त्याचे श्रेय या काडीस आहे, असे त्याचे मत. परंतु त्याचा खरा राग आपल्या देशबांधवांवर आहे. चीनमध्ये या काडीला 'विलोची फांदी' असे नाव पडून गेले होते आणि लोक विलोच शोधीत बसत. हा विद्वान सांगतो की भारतात विलो फार थोडे; नालंदेत ज्या झाडाची काडी वापरतात ते विलो नव्हे; मूळ शब्द नीट समजून न घेता नावाच्या मागे लागू नका. नाव पाहून वस्तू निवडणाऱ्यांची तक्रार तेराशे वर्षांपूर्वीही होती, हे वाचून मला थोडे बरे वाटले.

शास्त्र जसजसे लोकाचारात मुरते तसतसा त्यात शकुन शिरतो. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत दंतकाष्ठलक्षणांचा स्वतंत्र अध्याय लिहिला. कोणत्या झाडाच्या काडीने कोणते फळ मिळते हे त्यात आहेच, पण दात घासून झाल्यावर काडी धुऊन टाकली असता ती कशी पडली यावरूनही दिवस कसा जाईल ते सांगितले आहे. समोर तोंड करून पडली तर शुभ. उभी राहून मग पडली तर त्या दिवशी गोडाधोडाचे जेवण. धर्मशास्त्रकारांनी तिथींचे निर्बंध घातले. प्रतिपदा, षष्ठी, नवमी, अमावास्या अशा दिवशी काष्ठ वर्ज्य. त्या दिवशी बारा चुळा भराव्यात. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या 'धर्मशास्त्राच्या इतिहासा'च्या दुसऱ्या खंडात (१९४१) हे सगळे वचनांसह पाहावयास मिळते. रत्नागिरीच्या भूमीतल्या या पंडिताने दात घासण्यासारख्या गोष्टीलाही पाने दिली, यात त्यांचा अभ्यास दिसतो. या निर्बंधांमागे झाडांना विसावा देण्याची दृष्टी होती, असे हल्ली काही मंडळी मोठ्या उत्साहाने सांगतात. ग्रंथात दिलेले कारण निराळे आहे. त्या दिवशी दातांस काष्ठ लागले तर सात कुळे जळतात, अशी ती भीती. काळजी कुळाची आहे, झाडाची नव्हे. पूर्वजांच्या पदरात आपल्या सोयीचा शहाणपणा घालू नये, असे मला वाटते. त्यांच्यापाशी त्यांचा स्वतःचा पुष्कळ होता.

आता आपल्या मराठी घरात येऊ. काडी ही बहुधा पुरुषांची, शेतावर जाणाऱ्याची, ओढ्यावर आंघोळीस जाणाऱ्याची. घरातल्या न्हाणीत चाले ती राखुंडी. गोवरीची राख कपड्यातून गाळून घ्यावयाची, तीत मीठ, असल्यास कापूर. सुखवस्तू घरात बदामाच्या टरफलांचा कोळसा, तुरटी, लवंग. न्हाणीच्या कोनाड्यातला तो काळा डबा आणि सकाळी दगडावर उठलेल्या काळ्या पिचकाऱ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. सुट्टी संपवून परगावी परतणाऱ्या मुलाच्या ट्रंकेत लोणच्याच्या बरणीशेजारी राखुंडीची पुडी ठेवणारी आई ही आपल्यापैकी अनेकांच्या आठवणीत असेल. तिच्या मते शहरातल्या पाण्याने दात बिघडतात.

सुवासिनींचे साधन आणखी वेगळे. हिराकस, हिरडा, मायफळ अशा द्रव्यांचे दातवण लावून दात काळे करीत. काळे दात हे सौभाग्याचे चिन्ह. विधवेने ते लावू नये. यामागची रसायनविद्या मोठी गमतीची आहे. तुरट फळातील टॅनिन आणि हिराकसातील लोह एकत्र आले की गर्द काळा रंग होतो. जुन्या कचेऱ्यांतली काळी शाई याच दोन द्रव्यांची बनत असे. म्हणजे सासरे दौतीत बुडवीत तेच, थोडे फिरवून, सुना दाताला लावीत. जपानातही विवाहित स्त्रिया दात काळे करीत आणि तेथेही लोह व टॅनिन हेच दोन घटक होते. १८७० साली तेथील सरकारने उमरावांस ही प्रथा मना केली. आपल्याकडे कोणी बंदी घातली नाही. शिकलेल्या मुलींना पांढरे दात आवडू लागले आणि दातवण आपोआप मागे पडले. त्याबरोबर विधवेला वेगळे पाडणारी एक खूणही गेली, ही गोष्ट जुन्या गोड आठवणी सांगताना विसरू नये.

मिश्री मात्र गेली नाही. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजावयाची, चुरावयाची, आणि बोटाने दातांना, हिरड्यांना लावावयाची. एकदा सकाळी, मग जेवणानंतर, मग दुपारी काम उरकल्यावर, मग केव्हाही. आमच्या घरी चुलीवर मिश्री भाजली जाई तेव्हा ठसक्याने आम्ही मुले अंगणात पळत असू. वडील कधी बोलले तर आजी म्हणे, "झाडाचाच पाला आहे रे. विलायती औषध थोडंच आहे?" तिचा हा युक्तिवाद तेव्हा आम्हा सर्वांना बिनतोड वाटे. तिच्या गालाच्या आत पांढरा चट्टा उठला, मग जखम झाली, ती भरेना. ती जखम तिने पदराआड बरेच महिने लपविली, कारण तोंड उघडून दाखवणे तिला लाजिरवाणे वाटे. दवाखान्यात नेली तोवर जबडा उघडेनासा झाला होता. शेवटी शेवटी ती पेजही पिऊ शकत नसे. मी तेव्हा महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात होतो.

तंबाखू झाडाचाच पाला आहे, हे खरेच. परंतु तो चरकाच्या झाडांतला नव्हे. हे रोप मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ते आपल्या किनाऱ्याला लागले. सतराव्या शतकाच्या आरंभी अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या दरबारी गेला असता तेथे त्याला तंबाखू मिळाली आणि त्याने ती नवलाची वस्तू म्हणून बादशहाला नजर केली. म्हणजे उत्तरेच्या दरबाराने ती दख्खनमधून घेतली. जहांगिराने १६१७ साली तिच्यावर बंदी घातली. त्या बंदीचे काय झाले हे आपण पाहतोच आहोत. दोनतीनशे वर्षांत हे परदेशी पान आमच्या चुलीपर्यंत असे पोहोचले की माझ्या आजीला ते तिच्या आजीच्या आजीपासूनचे वाटे. 'परंपरा' आणि 'नैसर्गिक' हे दोन शब्द जोडीने आले की त्यांच्या आड काय काय दडू शकते, हे मी घरातच पाहिले.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधकांनी पुणे जिल्ह्यातील खेडोपाडी जाऊन १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली. तोंडातील कर्करोग आणि त्याच्या पूर्वीचे विकार यांचा तंबाखूच्या सवयींशी संबंध शोधणारी ही पाहणी १९७२ साली प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या संशोधनात आजही तिचा उल्लेख होतो. एक लाखाहून अधिक माणसांना 'आ करा' म्हणणे हे काम किती चिकाटीचे असेल याची कल्पना करावी. ३० एप्रिल १९९२ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास मनाई केली. कारखानदारांच्या बाजूने ती अधिसूचना न्यायालयात गेली; १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. हे उत्तम झाले. पण तव्यावर भाजलेल्या मिश्रीपर्यंत कोणतीही अधिसूचना पोहोचत नाही.

काडीची प्रतिस्पर्धी म्हणजे कुंचली, तिची कथा थोडक्यात सांगतो. केसांचा ब्रश प्रथम चीनमध्ये झाला. इंग्लंडात १७८० च्या सुमारास विल्यम ॲडिस नावाच्या माणसाने तुरुंगात असताना हाडाच्या तुकड्याला भोके पाडून त्यांत केस बसविले आणि सुटल्यावर त्याचा धंदा केला, अशी कथा सांगतात. ते केस डुकराचे असत. आपल्याकडच्या हिंदू, जैन, मुसलमान कुटुंबांनी विलायती ब्रशाकडे पाठ फिरविली, तिला निव्वळ अडाणीपणा म्हणता येणार नाही. ती वस्तू तोंडात घालावयाची होती. यातली विसंगती अशी की कानपूर हे या केसांच्या व्यापाराचे मोठे ठाणे होते आणि तेथून माल परदेशी जाई. १९३८ साली अमेरिकेत नायलॉनच्या तंतूंचा ब्रश विक्रीस आला आणि केसांचा हा धर्मप्रश्न एका फटक्यात सुटला. त्याबरोबर दुसरा प्रश्न जन्मला, जो तेव्हा कोणास दिसला नाही. काडी फेकली की मातीस मिळते. नायलॉन आणि प्लॅस्टिक मातीस मिळत नाही.

स्वदेशीच्या काळात काही मंडळींनी मधला मार्ग शोधला. १९१६ साली कलकत्त्यात स्थापन झालेल्या कलकत्ता केमिकल कंपनीने कडुनिंबाच्या अर्कापासून मार्गो साबण आणि नीम टूथपेस्ट काढली. परसातला निंब नळीत गेला. १९३७ साली कोलगेट कंपनीची भारतात नोंदणी झाली. १९५२ साली मुंबईत केशव विष्णू पेंढरकर यांनी विको सुरू केली आणि 'वज्रदंती' घरोघर गेली.

आणि येथे आमच्या, म्हणजे सरकारी नोकरांच्या, इतिहासाला प्रारंभ होतो. मंजन हे औषध की प्रसाधन? प्रश्न दिसतो तात्त्विक. खरा आहे तो उत्पादन शुल्काचा. आयुर्वेदिक औषध ठरले तर कर एक, रोजच्या वापराचे दंतमंजन ठरले तर दुसरा. बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाचा वाद नागपूरच्या उत्पादन शुल्क कार्यालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९५ साली न्यायालयाने विचारले ते सामान्य माणसाच्या दृष्टीने: वैद्याने लिहून दिले म्हणून, ठरावीक दिवसांसाठी, कोणी हे मंजन घेतो काय? की रोज सकाळी दात घासण्यासाठी घेतो? घटक ग्रंथोक्त असले म्हणून वस्तू औषध होत नाही, असा निर्णय झाला. २००९ साली नव्या दरपत्रकाच्या संदर्भात तोच कल कायम राहिला. परंतु २००४ साली, त्याच नागपूरहून निघालेल्या दुसऱ्या वादात, त्याच न्यायालयाने विकोची वज्रदंती आयुर्वेदिक औषधात धरली. पुढे २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा दंतमंजनावर १२ टक्के आणि टूथपेस्टवर १८ टक्के अशी फारकत होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून मंजन, पेस्ट आणि ब्रश तिन्ही ५ टक्क्यांवर आले. वाचकांपैकी काहींच्या टेबलांवरून हे कागद प्रत्यक्ष गेले असतील. मला त्यात टवाळी करावीशी वाटत नाही. सुश्रुताचाही प्रश्न हाच होता: ही वस्तू कोणासाठी, कशासाठी, किती दिवस? आपण तो प्रश्न वैद्याच्या पाटावरून उचलून दरपत्रकाच्या शीर्षकाखाली नेला, इतकेच. पण या प्रवासात एक गोष्ट सांडली. शुल्क ठरविणाऱ्यास वस्तू काय आहे ते विचारावे लागते. ती वापरणाऱ्याचे काय होते ते विचारावे लागत नाही.

हल्ली चक्र पुन्हा फिरले आहे. बाजारात काळे मंजन, काळी पेस्ट मोठ्या दिमाखात आली आहे. ज्या राखुंडीने दात झिजतात म्हणून आमच्या पिढीला बालपणी भीती घातली गेली, तीच आता सुंदर बाटलीत, चौपट-पाचपट किमतीला मिळते. २०१७ साली अमेरिकन दंतवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात कोळशाच्या मंजनांविषयीच्या संशोधनाचा आढावा आला; ती सुरक्षित वा परिणामकारक असल्याचा पुरेसा पुरावा नाही, असे त्यात म्हटले आहे. भरड कणांनी दाताचे इनॅमल घासले जाते, आणि गेलेले इनॅमल परत येत नाही. दुसरी नवी वस्तू बांबूचा ब्रश. माझ्या मुलीने हट्टाने घेतला. दांडा बांबूचा खरा. तंतू पाहिले तर नायलॉनचे. पूर्ण नैसर्गिक हवा तर? दुकानदाराने सांगितले, "तोही येतो, पण त्यात डुकराचे केस असतात." दोनशे चाळीस वर्षांच्या प्रदक्षिणेनंतर आपण पुन्हा ॲडिसच्या तुरुंगाच्या दारात उभे होतो. बांबूचा दांडा वाईट नव्हे. टाकताना नायलॉनचे तंतू चिमट्याने उपटून वेगळे करावेत आणि दांडा मातीत जाऊ द्यावा, एवढे केले तरी प्लॅस्टिकच्या अख्ख्या ब्रशापेक्षा कचरा पुष्कळ कमी होतो. तिला तसे करावयास शिकविले आहे. पेस्ट मात्र दंतवैद्याने सांगितलेली फ्लोराइडची ठेवली आहे.

मग काडी घ्यावी की न घ्यावी? निंबाच्या, बाभळीच्या आणि अरबी मिस्वाकच्या, म्हणजे पिलूच्या, काडीने दात चांगले स्वच्छ होतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही जेथे या काड्यांचा प्रघात आहे तेथे त्यांस उत्तेजन दिले आहे. अट एकच, हात हळू आणि टोक मऊ. परंतु दिल्लीसारख्या शहरात कोट्यवधी माणसे रोज एक ताजी काडी मोडू लागली तर झाडांचे काय व्हावे? सुश्रुताला हे गणित करावे लागले नव्हते.

ते एका दुसऱ्या माणसाने केले होते. काकासाहेब कालेलकर हे साताऱ्यास १८८५ साली जन्मलेले, मराठी मायबोलीचे आणि गुजराती गद्याचे थोर लेखक. उत्तरायुष्यात ते याच दिल्लीत राहिले आणि १९५२ ते १९६४ राज्यसभेचे सदस्य होते. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात ते गांधीजींच्या सोबतीस होते. गांधीजींच्या दातवणाची काडी ते तयार करून देत. त्यांनी आठवणींत लिहिले आहे की वापरून झालेली काडी टाकून देण्यास गांधीजींनी हरकत घेतली. वापरलेले टोक कापून टाकावे आणि उरलेल्या काडीचे नवे टोक दुसऱ्या दिवशी वापरावे. काडी पार वाळेपर्यंत ती टाकण्याचा आपल्याला अधिकार नाही. रोज ताजी काडी मिळणे अशक्य होते असे मुळीच नव्हे. ती मिळते म्हणून घ्यावी काय, हा प्रश्न होता. बारा अंगुळांच्या काडीचा एक बोटभर भाग रोज खर्च केला तर ती किती दिवस पुरेल, याचा हिशेब करावयास मला आमच्या कार्यालयातले गणकयंत्रही लागले नाही.

मी फाटकावरच्या म्हाताऱ्यांना ही गोष्ट सांगितली. ते हसले. म्हणाले, "बाबूजी, हमारे गाँव में तो सब ऐसे ही करते थे। यहाँ लोग फेंक देते हैं, हमारी बिक्री होती है।" त्यांची काडी ते ओळखीच्या बागवानाकडून, छाटणी झाली की घेतात. रस्त्याकडेच्या विलायती कीकरला हात लावीत नाहीत. ते कीकर नव्हेच, असे त्यांचे ठाम मत. इ-त्सिंगला ते फार आवडले असते.

घरी आलो तो मुलीचा तक्ता अजून भिंतीला टेकून उभा होता. तिला जवळ बसवून आजीची हकीकत सांगितली, चट्ट्यापासून पेजेपर्यंत, जेवढी आठ वर्षांच्या मुलीला सांगता येईल तेवढी. तिने बराच वेळ काही विचारले नाही. मग म्हणाली, "तंबाखू नैसर्गिकमध्ये लिहायचं का?" मी म्हटले, "लिही." तिने निंब, बाभूळ, करंज यांच्या खाली ते लिहिले. नंतर पट्टी घेतली आणि तक्त्याच्या उजव्या बाजूस आणखी एक रकाना आखला. त्याला नाव काय द्यावे हे ती अजून ठरवीत आहे.